व्हिसा नको, म्हणजे काय?

दिवाळीची किंवा मे महिन्याची सुटी जवळ आली, कीं प्रवासी कंपन्यांच्या जाहिरातींत एक वाक्य ठळक अक्षरांत झळकूं लागतें : 'व्हिसाची गरज नाहीं.' तें वाचून पुष्कळ सुशिक्षित कुटुंबांचा असा समज होतो, कीं तिकीट काढलें, पासपोर्ट खिशांत घातला, कीं झालें. परदेश म्हणजे जणूं पुण्याहून लोणावळा. हा समज चुकीचा आहे हें बहुधा विमानतळावरील खिडकीशीं कळतें, आणि तेथें कळून कांहीं उपयोग नसतो.

व्हिसा म्हणजे परक्या देशानें आधीं तपासून दिलेली पूर्वसंमति. व्हिसा माफ झाला म्हणजे ही आधींची तपासणी माफ झाली. दारांतली तपासणी राहिलीच. किंबहुना ती अधिक कसून होण्याचा संभव असतो, कारण प्रवाशाचे कागद त्यापूर्वीं कोणींच पाहिलेले नसतात. एखाद्या यजमानानें 'येण्यापूर्वीं पत्र पाठविण्याचें कारण नाहीं' असें कळविलें, तरी कडी काढणें त्याच्याच हातीं असतें. १९४८ सालच्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचें तेरावें कलम या दृष्टीनें लक्षपूर्वक वाचण्यासारखें आहे. कोणताही देश सोडण्याचा व स्वदेशीं परत येण्याचा हक्क तें प्रत्येकाला देतें. दुसऱ्याच्या देशांत शिरण्याच्या हक्काविषयीं मात्र तें मौन पाळतें.

हा सारा कागदांचा पसारा फार जुना नाहीं. १९१४ च्या महायुद्धापूर्वीं युरोपांतील बहुतेक देशांत पासपोर्टावांचून हिंडतां येत असे. युद्धानें दारें लागलीं, तीं पुन्हां पूर्वीसारखीं उघडलींच नाहींत. १९२० सालीं राष्ट्रसंघाच्या पॅरिस येथील परिषदेनें पासपोर्टाच्या पुस्तिकेचा नमुना ठरविला, आणि त्याच सालीं हिंदुस्थानांतही पासपोर्टाचा कायदा झाला.

आतां प्रत्यक्ष उदाहरण पाहूं. मॉरिशस हें बेट मराठी माणसाला अगदींच परकें नाहीं. गेल्या शतकाच्या आधींच्या शतकांत कोंकणांतून मजूर म्हणून गेलेल्यांचे वंशज तेथें आहेत, आणि गणेशचतुर्थीला तेथें सार्वजनिक सुटी असते. भारतीय प्रवाशाला तेथें जाण्यासाठीं आधीं व्हिसा काढावा लागत नाहीं. परंतु उतरल्यावर अधिकारी परतीचें तिकीट पाहूं शकतो, मुक्कामाचा पत्ता विचारूं शकतो, आणि राहण्याखाण्यापुरते पैसे जवळ आहेत याची खात्री मागूं शकतो. 'परत केव्हां यायचें तें तेथें गेल्यावर ठरवूं' असें म्हणून एकेरी तिकीट काढणारा गृहस्थ स्वतः कितीही सरळ असो, त्या अधिकाऱ्याच्या दृष्टीनें तो परत न जाणारा मनुष्य ठरण्याचा संभव असतो. आप्तांकडे उतरावयाचें असेल, तर त्यांचा पूर्ण पत्ता लिहून जवळ ठेवावा. 'भाचा घ्यायला येणार आहे' हें उत्तर पुरत नाहीं.

पासपोर्टाच्या मुदतीविषयींही असाच घोटाळा होतो. अनेक देश पासपोर्ट प्रवासाच्या तारखेपुढें आणखी सहा महिने चालू असावा असा आग्रह धरतात. मोठ्या माणसाचा पासपोर्ट दहा वर्षांचा असतो. लहान मुलांचा साधारणतः पांचच वर्षांचा. आईबापांचे पासपोर्ट चालू असतात म्हणून मुलाचा कोणी उघडूनही पाहत नाहीं, आणि सारें कुटुंब एका पोरासाठीं अडून बसतें.

कधीं कधीं तर व्हिसा जातो आणि त्याचा धाकटा भाऊ येतो. केनियानें २०२४ च्या जानेवारीपासून व्हिसा काढून टाकला; परंतु त्याच वेळीं प्रवासापूर्वीं संगणकावरून अर्ज करून, प्रारंभीं तीस डॉलर भरून, 'प्रवास-अनुमति' घेण्याचा नियम केला. नांव बदललें, अर्ज राहिला, पैसेही राहिले. मलेशियानें २०२४ च्या आरंभापासून, तर थायलंडनें १ मे २०२५ पासून आगमनाचा तक्ता आधींच संगणकावर भरून पाठविण्याची सक्ती केली.

केनियाच्या बाबतींत आणखी एक गोष्ट आहे, आणि ती जातांना नव्हे, येतांना नडते. तो देश पीतज्वराच्या प्रदेशांत मोडतो. तेथून परतणाऱ्यापाशीं लस टोंचल्याचा वैध दाखला नसेल, तर स्वदेशांतच त्याला सहा दिवसांपर्यंत अलग ठेवलें जाऊं शकतें. लस सरकारमान्य केंद्रांतच घ्यावी लागते, दाखला टोंचल्यापासून दहा दिवसांनीं लागू होतो, आणि २०१६ पासून तो जन्मभर चालतो. साठी उलटलेल्यांनीं मात्र ही लस डॉक्टरांचा सल्ला घेतल्याखेरीज टोंचून घेऊं नये.

सर्वांत अधिक गैरसमज नेपाळविषयीं. १९५० च्या तहापासून या दोन देशांत येण्याजाण्याची मोकळीक आहे. म्हणून कोणताही कागद चालतो अशी समजूत आहे. विमानानें जाणाऱ्या प्रौढ भारतीयाला पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचें मतदार-ओळखपत्र दाखवावें लागतें. घरोघरीं असलेलें आधार-कार्ड येथें सर्वांना उपयोगी पडत नाहीं. २०१९ सालच्या सरकारी खुलाशाप्रमाणें पंधरा वर्षांखालील मुलें व पासष्टीपुढील वृद्ध यांनाच तें चालतें. पशुपतिनाथाच्या दर्शनाला निघालेल्या कुटुंबांत आजोबा आधारावर आंत जावेत आणि पन्नाशीचा मुलगा बाहेर राहावा, असा हा प्रकार! पंधरा ते अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याला शाळेच्या मुख्याध्यापकांनीं विहित नमुन्यांत दिलेला ओळखीचा दाखला चालतो, हें फारच थोड्या पालकांना ठाऊक असतें.

विमान-कंपनीचे नोकर मुंबईलाच इतकी चौकशी कां करतात, असा त्रागा पुष्कळ जण करतात. त्याचें कारण साधें आहे. १९४४ च्या शिकागो येथील करारास जोडलेल्या नवव्या परिशिष्टाप्रमाणें, प्रवेश नाकारलेल्या प्रवाशाला परत नेण्याची जबाबदारी त्याला आणणाऱ्या कंपनीवर असते. कित्येक देश वर दंडही करतात. त्यामुळें जो नोकर आपल्याला थांबवितो, तो हुज्जत घालून बधत नाहीं. त्याच्यापुढें कागदच ठेवावा लागतो. नियम वरचेवर बदलत असल्यानें तिकीट काढण्यापूर्वीं त्या देशाच्या वकिलातीच्या अधिकृत पानावर ते पाहावेत, आणि निघण्याच्या आठवड्यांत पुन्हां एकदां पाहावेत. जाहिरातीच्या कागदावर विसंबूं नये.

आणि आंत प्रवेश मिळाल्यावर, अधिकारी पासपोर्टावर शिक्का मारतो तेव्हां, खिडकीपासून हलण्यापूर्वीं त्यावरील तारीख वाचून घ्यावी. जाहिरातींत कितीही दिवस लिहिलेले असोत, राहण्याची मुदत त्या शिक्क्यावर जी असेल तीच.