मोटारीतला गारवा का जातो?

मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे पारा ४५ अंशांच्या घरात जातो. अशा दुपारी काचा बंद केलेल्या मोटारीतले शीतयंत्र गार वारा द्यायचे थांबले, तर ती गाडी म्हणजे भट्टीच. आत तान्हे मूल असेल किंवा दवाखान्यातून घरी निघालेला आजारी माणूस असेल, तर प्रश्न नुसत्या गैरसोयीचा राहत नाही. टॅक्सीवर ज्याचे पोट आहे, त्याचे तर उतारूच तुटतात. मग तो घाईघाईने गॅरेज गाठतो. तिथे पुष्कळदा एकच उत्तर मिळते, “गॅस संपला असेल, भरून टाकू.” पैसे जातात, चार दिवस गारवा येतो, आणि मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न!

हा गॅस खरोखरच संपतो का? आणि गारवा गेला की दर वेळी गॅसच गेला असे धरून चालावे का? या दोन प्रश्नांचा आज थोडा विचार करू.

आपल्या घरातल्या माठाकडे पाहा. माठाच्या अंगावर पाझरलेले पाणी वाफ होऊन उडते, आणि उडताना लागणारी उष्णता आतल्या पाण्यातून घेऊन जाते. म्हणून आतले पाणी गार होते. मोटारीतले शीतयंत्रही असेच उष्णता बाहेर वाहून नेते. आपल्याकडील पुष्कळ गाड्यांत आर-१३४ए नावाचा गॅस असतो. साध्या हवेच्या दाबाखाली तो उणे २६ अंशांनाच उकळतो. डॅशबोर्डच्या मागे नळ्यांची एक जाळी असते, तिला इव्हॅपोरेटर म्हणतात. तिच्यात हा पदार्थ उकळून वाफ होतो व गाडीतल्या हवेची उष्णता शोषून घेतो. ती वाफ कॉम्प्रेसर दाबतो आणि गाडीच्या नाकाशी, रेडिएटरच्या पुढे बसवलेल्या कंडेन्सरकडे धाडतो. तिथे पंख्याच्या वाऱ्यावर उष्णता बाहेर टाकली जाते आणि वाफेचा पुन्हा द्रव होतो. बारीक भोकाच्या झडपेतून दाब उतरला, की तो पुन्हा जाळीत येतो.

माठातले पाणी उडून जाते, इथे मात्र तोच गॅस बंद नळ्यांतून फिरत राहतो. पेट्रोलसारखा तो जळत नाही. रबरी नळ्या आणि सांध्यांतून वर्षानुवर्षे थोडा झिरपतो, हे खरे. पण गेल्या उन्हाळ्यात भरलेला गॅस या उन्हाळ्यात नाहीसा झाला, तर कुठेतरी गळती आहे. ती न शोधता गॅस भरणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणे होय.

आता तपासणी कशी करावी ते पाहू. हत्याराला हात न लावता गाडीच्या मालकाला बरेच काही कळू शकते.

पहिला प्रश्न असा, की वारा कमी येतो आहे की वारा भरपूर असून गार नाही? वाराच कमी असेल, तर आधी आतल्या हवेची गाळणी पाहावी. बहुतेक गाड्यांत ती सामानाच्या कप्प्यामागे असते. धुळीने आणि पालापाचोळ्याने ती गच्च झाली, की यंत्र चांगले असूनही गारवा आपल्यापर्यंत पोहोचत नाही. सुरुवातीला गार वारा येऊन मग तो हळूहळू मंदावत असेल, आणि यंत्र थोडा वेळ बंद ठेवल्यावर पुन्हा येत असेल, तर आतल्या जाळीवर बर्फ धरत असण्याचा संभव आहे.

दुसरा प्रश्न, गारवा केव्हा जातो? गाडी धावताना वारा गार आणि सिग्नलला उभी राहिली की कोमट, असे होत असेल तर पुढच्या पंख्यावर संशय घ्यावा. धावत्या गाडीला समोरचा वारा मिळतो, उभ्या गाडीला फक्त पंख्याचा आधार. कंडेन्सरवर चिखल, किडे, पाने साचली असली तरीही हेच होते. इंजिन थंड असताना साध्या पाण्याच्या हलक्या धारेने तो धुवावा. जोराचा फवारा मारला तर त्याच्या नाजूक पात्या वाकतात. घाटात इंजिनाच्या उष्णतेचा काटा वर चढला आणि त्याच वेळी गारवा गेला, तर पुष्कळ गाड्यांत इंजिन वाचवण्यासाठी कॉम्प्रेसर आपोआप बंद होतो. तिथे दुखणे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्यात किंवा पंख्यात असते. अशा वेळी गॅस भरणे म्हणजे जखम मांडीला आणि मलम शेंडीला!

तिसरा प्रश्न, कॉम्प्रेसर चालू होतो का? पुष्कळ गाड्यांत शीतयंत्राचे बटण दाबले की पुढून ‘टक्’ असा आवाज येतो आणि इंजिनाची चाल किंचित बदलते. तसे काहीच झाले नाही, तर फ्यूज, रिले, वायर यांची तपासणी आधी व्हावी. गॅस फार कमी झाला तरीही दाबाचा स्विच कॉम्प्रेसर चालू होऊ देत नाही, हेही ध्यानात ठेवावे. बॉनेट उघडून पाहताना पंख्यापासून हात आणि पदर दूर ठेवावा, कारण तो केव्हाही अचानक फिरू लागतो.

एकाच बाजूने गार व दुसऱ्या बाजूने गरम वारा येत असेल, तर गार-गरम हवा मिसळणारे आतले दार अडकलेले असू शकते. मात्र काही गाड्यांत गॅस कमी झाला तरी असा फरक पडतो. गाडीखाली पाणी ठिबकते म्हणून घाबरू नये. दमट हवेतले ते पाणी आहे, आणि कोकणात तर ते जास्तच पडणार. तेच पाणी आत पायाशी साचू लागले, तर निचऱ्याची नळी तुंबली आहे असे समजावे.

हे सर्व पाहून झाले आणि संशय गॅसवरच आला, तर गॅरेजमध्ये तीन गोष्टींचा आग्रह धरा. पहिली, दोन्ही बाजूंचे दाब मापकाने मोजावेत. दुसरी, गळती शोधावी. गॅसबरोबर यंत्राचे तेलही फिरत असते, म्हणून गळक्या सांध्यावर तेलकट धूळ बसलेली पुष्कळदा डोळ्यांनाही दिसते. तिसरी, दुरुस्तीनंतर नळ्यांतली हवा आणि ओल पंपाने ओढून काढावी, आणि मगच गॅस वजन करून भरावा. किती ग्रॅम भरायचा हे पुष्कळ गाड्यांच्या बॉनेटखाली चिकटपट्टीवर छापलेले असते. “थोडा जास्त घालतो, जास्त गार होईल,” असे कोणी म्हणाले तर नको म्हणा. गॅस जास्त झाला की दाब वाढतो, गारवा उलट घटतो आणि कॉम्प्रेसरवर ताण येतो. सांधे स्वतः सैल करण्याचे धाडस मात्र कोणी करू नये. सुटलेल्या गॅसने कातडी व डोळे गोठून इजा होते.

यात आपल्या खिशापलीकडचाही एक हिशेब आहे. पूर्वीच्या गाड्यांतला आर-१२ हा गॅस ओझोनच्या थराला घातक ठरला, आणि १९८७ च्या मॉन्ट्रियल करारान्वये जगाने तो सोडायचे ठरवले. त्याच्या जागी आलेला आर-१३४ए ओझोनला धक्का लावत नाही. पण शंभर वर्षांच्या हिशेबाने तो वजनाला वजन कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून अधिक उष्णता वातावरणात अडवतो. म्हणून २०१६ साली किगाली येथे त्याचाही वापर कमी करत नेण्याचे ठरले, आणि भारताने २०२१ मध्ये त्या दुरुस्तीस मान्यता दिली. गळकी गाडी दर उन्हाळ्यात भरून घेणारा माणूस हाच गॅस आपल्या पैशाने आभाळात सोडत असतो.

तेव्हा यंदा गारवा कमी वाटला, तर गॅरेजमध्ये “गॅस भरा” असे सांगू नका. वारा कमी येतो की गरम येतो, उभ्या गाडीत की धावत्या गाडीत, आणि मागचा गॅस केव्हा भरला होता, एवढे तिथे नीट सांगा. चांगल्या कारागिराचे अर्धे काम त्यानेच हलके होईल, आणि दुसऱ्या प्रकारच्या कारागिराला तुम्हांला फसवणे जड जाईल.