‘होय, मी सांगतो तसंच कर!’

श्रोतेहो, कॉम्प्युटरवर नवा प्रोग्रॅम घ्यायचा म्हणजे माऊसने दोन-चार ठिकाणी क्लिक करायचं, ही आपली सवय. लिनक्स वापरणारी मंडळी मात्र बरेचदा काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप करून हे काम उरकतात. त्या ओळीमागे राबतो तो ‘पॅकेज मॅनेजर’. त्याला घरचा कारभारी म्हणा. तुम्ही एक वस्तू मागितली, की तिला लागणाऱ्या आणखी दहा वस्तू तो आपणहून आणतो. नव्या वस्तूचं जुन्या वस्तूशी पटत नसेल, तर जुनी घराबाहेर काढतो. अर्थात त्याआधी यादी समोर ठेवून ‘करू का?’ असं विचारतो.

सगळी गोम आहे ती या विचारण्यात.

नोव्हेंबर २०२१ मधली गोष्ट. कॅनडातले प्रसिद्ध यूट्यूबर लायनस सेबॅस्टियन ‘पॉप ओएस’ नावाच्या लिनक्सवर ‘स्टीम’ हा खेळांचा प्रोग्रॅम बसवत होते. पॅकेजांच्या जुळणीत तेव्हा काही चूक राहिली होती. त्यामुळे ‘अ‍ॅप्ट’ या कारभाऱ्याने ठरवलं, की स्टीम आणायचं तर खिडक्या-मेनूंचा सगळा डेस्कटॉप काढावा लागेल! त्याने तसं सांगितलंही. पण नावांच्या भल्यामोठ्या गठ्ठ्यात. शेवटी अट घातली : पुढे जायचं असेल तर ‘येस, डू अ‍ॅज आय से!’ हे वाक्य जसंच्या तसं टाइप करा. सेबॅस्टियननी ते केलं, आणि डेस्कटॉप गेला. उरला काळा पडदा आणि त्यावर अक्षरं.

‘वाचायला काय झालं होतं?’ असं अनेकांनी विचारलं. मला हे म्हणणं पटत नाही. जो कारभारी मीठ आणतानाही आणि भिंत पाडतानाही एकाच सुरात परवानगी विचारतो, त्याला आपण सवयीने मान डोलावतो. आणि ते मोठं वाक्य म्हणजे तर कुलपाशेजारीच टांगलेली किल्ली होती.

अ‍ॅप्ट मूळचा डेबियनचा. तो करणाऱ्यांनी त्याच महिन्यात तो प्रश्नच काढून टाकला. आता अत्यावश्यक पॅकेज काढायला अ‍ॅप्ट सरळ नकार देतो. काढायचंच असेल तर आज्ञेतच तसं वेगळं लिहावं लागतं.

यादीचं रूप बदलायला मात्र आणखी वेळ लागला. एप्रिल २०२५ मध्ये अ‍ॅप्टची ३.० ही आवृत्ती आली. पूर्वी नावं एकापुढे एक कोंबलेली असत आणि ‘हे काढणार’ हा मजकूर मध्येच कुठेतरी. आता नावं रकान्यांत येतात, येणारी हिरव्या रंगात, जाणारी लाल. शिवाय जाणारी शेवटी, प्रश्नाच्या जवळ. साधी गोष्ट वाटते, पण यादी पडद्यावर सरसर वर सरकते आणि डोळा थांबतो तो तळाशी. लाल-हिरव्यातला फरक ज्यांना दिसत नाही, त्यांच्यासाठी प्रत्येक गटावर मथळाही आहे.

एवढ्या बदलाला इतकी वर्षं का लागावीत? कारण ही यादी माणसांइतकीच इतर प्रोग्रॅमही वाचतात. शब्द इकडचा तिकडे झाला, तर कुठल्यातरी सर्व्हरवरचं रात्रीचं काम अडायचं. म्हणून २०१४ मध्ये ‘अ‍ॅप्ट-गेट’ ही जुनी आज्ञा तशीच ठेवून माणसांसाठी ‘अ‍ॅप्ट’ ही नवी आज्ञा दिली गेली. प्रोग्रॅममध्ये हिच्यावर विसंबू नका, असा इशाराही ती देते. मला ही वाटणी फार शहाणपणाची वाटते.

एक मात्र अजून खटकतं. काय काढणार ते यादी सांगते; का काढणार, ते त्या यादीत नसतं. तोवर लिनक्स वापरणाऱ्या श्रोत्यांनी एवढं करावं : शंका आली तर आज्ञेला ‘सिम्युलेट’ हा पर्याय जोडावा. मग कारभारी काय काय करील ते नुसतं सांगतो, हात कशालाच लावत नाही.