बाळ कोणत्या वहीत?

खडकीच्या व्याख्यानमालेत परवाचा विषय पत्रिकेवर भारदस्त छापला होता : 'झोपडवस्त्यांतील माता-बाल आरोग्याचे नियोजन आणि लोकसहभागी संशोधन'. समाजवैद्यकाच्या निवृत्त प्राध्यापिका बोलायला उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "नाव विसरा. वस्तीची वही वस्तीतल्या बाईच्या हातात द्या, एवढंच मला सांगायचंय." पुढचा तासभर त्या कुठूनही निघाल्या तरी याच मुक्कामाला येत राहिल्या.

निर्णयाला उशीर, वाहनाला उशीर, दवाखान्यात उशीर हे बाळंतिणीच्या जिवावर बेतणारे तीन उशीर "तुम्हाला ठाऊकच आहेत" म्हणून अर्ध्या वाक्यात उरकले. 2001 सालच्या 'कोवळी पानगळ' अहवालाचंही तेच झालं. सरकारी नोंदींतून किती बालमृत्यू गळतात हे त्या अहवालानं उघड केलं होतं, आणि गावांबरोबर शहरी झोपडपट्ट्याही मोजल्या होत्या. त्यावर खरं तर दहा मिनिटं द्यायला हवी होती.

मग गाडी खडकीवर आली. "इथे कॅन्टोन्मेंट, बोपोडीत पुणे महापालिका, मुळेपलीकडे दापोडीत पिंपरी-चिंचवड. गरोदर बाईनं खोली बदलली की तिचा कागद तीन दरबारांत!"

"आणि बाई?" मागून कुणीतरी.

"ती रिक्षात!" सभागृह खुललं.

वही भरायची पद्धत सांगताना मात्र त्या रंगल्या. बायका अंगणात खडूनं वस्तीचा नकाशा काढतात. गरोदर बाई असेल त्या घरावर टिकली, वर्षाच्या आतलं मूल असेल तिथे हरभऱ्याचा दाणा. रिक्षा कुठल्या बोळापर्यंत येते, रात्री दिवा कुठे नसतो, तेही त्यात येतं. पाहणीला आलेला माणूस 'दार बंद' लिहून पुढे जातो. ती बाई दुपारी धुणंभांड्याला गेलेली असते हे शेजारणीला माहीत असतं.

इथून बाई माहेरी गेल्या, म्हणजे विषय गेला. पहिलटकरीण सातव्या महिन्यात लातूर-सोलापूरकडे आईकडे जाते. बाळ तिकडे जन्मतं, जन्मदाखला तिकडचा, पहिली लस तिकडची. इथल्या रजिस्टरात शेरा पडतो, 'स्थलांतरित'. तीन महिन्यांनी ती बाळ घेऊन परत येते, तर ते कुणाच्याच यादीत नाही. आणि ते तिकडेच दगावलं, तर इथे कुणी विचारतही नाही. पुढे स्वतःचं बाळंतपण, शेकशेगडी, डिंकाचे लाडू, आईची बोलणी... अध्यक्षांनी दोनदा घड्याळ पाहिलं. पहिल्या रांगेतल्या आज्यांना मात्र घाई नव्हती.

प्रश्नांना सात मिनिटं उरली. दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी नेमकं बोट ठेवलं : मुंबईत वस्तीतल्या बायकांना हाताशी धरून हे करून पाहिलं होतं ना, बाळांचे मृत्यू घटले का?

बाईंचा आवाज जरा चढला. 'स्नेहा' संस्थेच्या त्या प्रयोगात मुंबईतल्या 48 वस्त्या होत्या, निम्म्यांत महिलांचे गट चालवले. अठरा हजारांवर जन्मांची नोंद झाली. 2012 साली निष्कर्ष छापून आले : नवजात मृत्यू घटले नाहीत. नेपाळच्या मकवानपूरमध्ये मात्र अशाच गटांमुळे ते सुमारे 30 टक्क्यांनी घटल्याचं 2004 सालीच दिसलं होतं. "तिथे बाळंतपणं घरी होत होती, मुंबईत बहुतेक दवाखान्यात. दवाखान्याच्या आत काय होतं, ते गल्लीतल्या गटानं कसं बदलायचं? आणि गट हरला हे कळलं कशामुळे? वस्तीतल्या बायकांनी प्रत्येक जन्माची, मृत्यूची खबर दिली म्हणून!"

व्याख्यानातला सर्वांत भक्कम मुद्दा असा कोंडीत सापडल्यावर निघाला. तो सुरुवातीलाच आला असता तर माहेरचे लाडू थोडे कमी पडले असते, इतकंच. पण वहीत लिहिलेलं दवाखाना ऐकेल कशावरून, हे अनुत्तरितच राहिलं. राष्ट्रीय शहरी आरोग्य अभियानात 50 ते 100 घरांमागे महिला आरोग्य समिती आहे, तिनं पाठपुरावा करावा, असं त्या घाईघाईनं म्हणाल्या आणि घंटा झाली.

आभारानंतर एका आशाताईंनी त्यांना जिन्यातच गाठलं. गरोदर मातांची वही आहे, लसीकरणाची आहे, क्षयरोगाची आहे. "ही त्यांत आणखी एक, की त्यांच्याऐवजी?"

"त्यांच्याऐवजी."

"मग हे आमच्या मॅडमना सांगाल का? मी नंबर देते."