मुलाखतीच्या दालनातून वर्गाच्या दारापर्यंत

(महाविद्यालयीन अध्यापनाच्या उमेदवारांपुढे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



महाविद्यालयात अध्यापक होऊ इच्छिणाऱ्या तरुणाची परीक्षा अनेकदा घेतली जाते; परंतु मुलाखतीच्या दिवसापर्यंत त्याचा आवाज सहसा कोणी ऐकलेला नसतो. राष्ट्रीय पात्रता परीक्षा, म्हणजे नेट, १९८९ मध्ये सुरू झाली. महाराष्ट्र आणि गोवा यांच्यासाठी पुणे विद्यापीठ १९९५ पासून सेट घेत आले आहे. या दोन्ही परीक्षांत आज दीडशे वस्तुनिष्ठ प्रश्न असतात. विषयाची जाण त्यांतून कळते. ती जाण दुसऱ्याच्या मनात उतरविता येते किंवा नाही, हे मात्र कळत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीने पदव्या, प्रकाशने आणि अनुभव यांचे गुण मुलाखतीस बोलावण्यापुरते ठेवले व निवड मुलाखतीवर सोपविली. वर्गात पाठ घ्यावयास लावून पारख करण्याची मुभाही दिली. ज्या गुणाची तोवर कोठेच परीक्षा झालेली नसते, तोच या दालनात अचानक महत्त्वाचा ठरतो.

मुलाखत हा केवळ उपचार असतो, नाव आधीच ठरलेले असते, असे उमेदवारांत बोलले जाते. हे सर्वत्र खोटेच आहे असे छातीठोकपणे कोणी म्हणू नये. तथापि समितीत बाहेरचे विषयतज्ज्ञही बसलेले असतात. या समजुतीवर विसंबून जो तयारीच करीत नाही, तो आपल्याविरुद्धचा निर्णय समितीच्या हाती आयता देतो.

कागदपत्रांविषयी फार सांगावयास नको. जाहिरात दोनदा वाचावी, मूळ प्रमाणपत्रे क्रमाने लावावीत, राखीव जागेसाठी अर्ज असेल तर जातवैधतेचे काम महिनोन्महिने आधी हाती घ्यावे. प्रबंधाचा गाभा घरातील वडीलधाऱ्यांना समजेल अशा चार-पाच वाक्यांत सांगण्याचा सराव करावा. पाच वर्षे ज्या विषयात घालविली, तो पाच वाक्यांत मांडताना भले भले अडखळतात.

खरी तयारी पाठाची. समजा, अर्थशास्त्राच्या उमेदवारास मागणीची लवचीकता दहा मिनिटांत शिकविण्यास सांगितले. बहुतेकजण फळ्याकडे वळतात, व्याख्या लिहितात, सूत्र लिहितात आणि एकामागून एक आकृत्या काढतात. त्यात चूक काहीच नसते, आणि समोरच्याला कळतेही काही नाही. दुसरा उमेदवार मिठापासून आरंभ करतो. मीठ महागले म्हणून कोणी आमटी अळणी करीत नाही. द्राक्षांचे तसे नाही. भाव शंभराचा एकशेवीस झाला आणि खप पन्नास क्विंटलांवरून पस्तिसावर आला, तर भाव वाढला २० टक्के, मागणी घटली ३० टक्के. तिसाला विसाने भागले की दीड. येथवर आल्यावर व्याख्या लिहिली तर ती विद्यार्थ्याला ओळखीची वाटते.

अशा वेळी एखादा तज्ज्ञ विद्यार्थ्याची भूमिका घेऊन विचारतो, “सर, कांदा चांगला पिकला की आमच्या घरी पैसा कमी येतो, तो का?” लासलगावच्या बाजारात कांद्याचे ढीग पाहिलेला मुलगा हा प्रश्न विचारणारच. मार्गदर्शक पुस्तकांत त्याचे तयार उत्तर सापडेलच असे नाही. सूत्रात मात्र ते दडलेले आहे. कांद्याची लवचीकता अर्धी धरली, तर १० टक्के जादा माल खपण्यासाठी भाव सुमारे २० टक्के उतरावा लागतो. शंभर क्विंटल हजाराच्या भावाने गेले असते तर एक लाख रुपये आले असते. आता एकशेदहा क्विंटल आठशेने जातात आणि हाती अठ्ठ्याऐंशी हजार येतात. हा हिशेब फळ्यावर मांडणाऱ्या उमेदवाराला पुढे फारसे काही विचारावे लागत नाही. एखादे उत्तर येत नसेल तर तसे सरळ सांगावे. ते कोठे शोधता येईल हेही सांगावे. थापा तज्ज्ञांच्या ताबडतोब लक्षात येतात. विद्यार्थ्यांच्या लक्षात यायला आठवडा लागतो, एवढाच फरक.

नेमणूक झाली की कसोटीचे ठिकाण बदलते. सहायक प्राध्यापकास आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापन करावयाचे असते. आकडा लहान दिसतो. परंतु पहिल्या वर्षी प्रत्येक तास नवा असतो आणि त्यामागे घरी दोन-तीन तास बसावे लागते. त्यातच प्रवेश समिती, परीक्षेचे पर्यवेक्षण, राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर आणि नॅकच्या फायली नवख्याच्याच वाट्याला येतात. प्रबंधाचा विषय तर वर्षभरात एखाद्या तासालाही उपयोगी पडत नाही. ग्रामीण महाविद्यालयात समोर बसलेल्यांपैकी अनेकजण घरातून महाविद्यालयात आलेले पहिलेच असतात. “समजले का?” असे विचारले की सगळा वर्ग “हो” म्हणतो. तो होकार आदराचा असतो, आकलनाचा नव्हे. त्याऐवजी एक उदाहरण सोडवावयास देऊन बाकांमधून फिरले, तर दहा मिनिटांत खरी स्थिती कळते.

कित्येकांच्या वाट्याला हे वर्ष तासिका तत्त्वावर येते. मानधन घेतलेल्या तासांचे मिळते. सुटीचे महिने कोरडे जातात. सकाळी एका गावी, दुपारी दुसऱ्या गावी शिकविणाऱ्या तरुणाचा अभ्यासाचा वेळ एस. टी.च्या प्रवासात संपतो. त्याचा पाठ उणा पडला तर दोष त्याच्या एकट्याच्या माथी मारणे न्याय्य नाही. अशा अध्यापकाला विभागप्रमुखाने निदान दोन वर्षे तोच अभ्यासक्रम द्यावा. पहिल्या वर्षीची टिपणे दुसऱ्या वर्षी कामाला येतात आणि त्याचे श्रम निम्म्यावर येतात. याला शासननिर्णय लागत नाही, वेळापत्रक आखताना थोडी आस्था लागते.

१९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर अध्यापकांच्या प्रशिक्षणासाठी ॲकॅडमिक स्टाफ कॉलेजे निघाली. २०१९ मध्ये आयोगाने नवागतांच्या महिनाभराच्या प्रशिक्षणासाठी ‘गुरु-दक्षता’ ही मार्गदर्शिका काढली. असे वर्ग जरूर करावेत. पण ते मिळेपर्यंत थांबण्याचे कारण नाही. शेजारच्या वर्गात एखादे जुने सर किंवा बाई शिकवीत असतात. त्यांची परवानगी घेऊन आठवड्यातून एकदा शेवटच्या बाकावर बसावे. आणि त्याच आठवड्यात आपल्या तासाला त्यांना बोलवावे. पहिल्या वेळी हात थरथरतो, खडू मोडतो. तास संपल्यावर त्या बहुधा एवढेच सांगतात की, आवाज मागच्या बाकापर्यंत पोचत नव्हता, आणि फळा पुसण्याची घाई झाली.