कडा ते नगर : बैलगाडीचा एक खेळ

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

कडा हे आष्टी तालुक्यातले, नगर-बीड रस्त्यावरचे बाजाराचे गाव. 2022 च्या सप्टेंबरात नगर-आष्टी रेल्वे सुरू झाली आणि कड्याला स्टेशनही आले. इथल्या चौथीतल्या मुलाला रायगड, प्रतापगड, पन्हाळा तोंडपाठ असतात. असलेच पाहिजेत. पण आपल्या गावाच्या पश्चिमेला, नगरच्या वाटेवर, 1948 पर्यंत दोन राज्यांची हद्द होती, हे त्याला ठाऊक नसते. अलीकडे निजामाचे हैदराबाद संस्थान, पलीकडे 1947 पर्यंत इंग्रजांचा मुलूख. हा इतिहास मुलांपर्यंत न्यायचा कसा?

मुले मोबाईलवर खेळतात, ही आपली नेहमीची तक्रार. त्याच खेळाला शिकवायला लावले तर? अमेरिकेत 1971 मध्ये डॉन रॅविच या तरुण शिक्षकाने दोन मित्रांच्या मदतीने ‘ओरेगॉन ट्रेल’ हा खेळ वर्गात आणला. टेलिफोनच्या तारेने दूरच्या संगणकाला जोडलेले टंकयंत्रासारखे एक यंत्र, एवढेच साहित्य, पडदाही नव्हता. जुन्या काळातल्या स्थलांतरितांची गाडी ओरेगॉनला न्यायची. बैलांना किती खर्चायचे, धान्याला किती, हे मुलांनीच ठरवायचे. चुकले तर वाटेतच खेळ संपायचा.

आपला खेळही असाच बेतता येईल. साल 1935. कड्याहून करडईची पोती घेऊन गाडी नगरला निघाली. वाटेत करोडगिरीचा नाका, म्हणजे संस्थानची जकात. सरकारी कामकाज उर्दूत. पावती वाचून कोण दाखवणार? नगरच्या व्यापाऱ्याने साठ रुपये दिले ते इंग्रजी, म्हणजे कलदार. घरी चालतो निजामाचा हाली शिक्का. साधारण सहा कलदाराला सात हाली, तर हातात किती आले? सत्तर. मुलाचे गणित झाले आणि हद्द म्हणजे काय, हेही कळले.

खेळाचा पुढचा टप्पा 1948 चा. इथे जपायला हवे. रझाकार दिसला की गोळी घाला, असा खेळ करणे सर्वांत सोपे. पण त्यातून मूल वर्गातल्या मुसलमान सोबत्याकडे कोणत्या नजरेने पाहील? रझाकारांचे अत्याचार खरेच आहेत, ते सांगायलाच हवेत. भारतात विलीन होण्याची बाजू मांडणारे ‘इमरोज’चे संपादक शोएबउल्ला खान यांची ऑगस्ट 1948 मध्ये हैदराबादेत हत्या झाली, हेही सांगायला हवे. 17 सप्टेंबरला संस्थान मुक्त झाले. त्यानंतर अनेक निरपराध मुसलमान कुटुंबांना सोसावे लागले. सुंदरलाल समितीने ते नोंदवले आहे. ‘ओरेगॉन ट्रेल’वरही तिथल्या मूळ रहिवाशांची बाजू सुटल्याची टीका झाली. 2021 च्या नव्या आवृत्तीत त्या समाजातल्या अभ्यासकांचा सल्ला घेतला गेला. आपण ते आधीच करावे.

हे आपल्याला जमेल का? माढा तालुक्यातल्या परितेवाडीचे जिल्हा परिषद शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडले आणि 2020 चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळवला. जिल्ह्याचे गॅझेटिअर सरकारी संकेतस्थळावर वाचता येते. एमआयटीने 2007 मध्ये आणलेल्या ‘स्क्रॅच’वर मुले स्वतः खेळ रचू शकतात, तो फुकट आहे आणि एकदा उतरवून घेतला की इंटरनेटशिवायही चालतो. अडचण वेगळी आहे. घरात फोन एकच, आणि तो संध्याकाळपर्यंत वडिलांबरोबर शेतात. म्हणून खेळ असा हवा, की शाळेतल्या एका संगणकापुढे पाच मुलांनी बसावे आणि गाडी कुठे वळवायची यावर आपसात भांडावे. निम्मे शिक्षण त्या भांडणातच होईल.

मात्र एक साधन कोणत्याही संकेतस्थळावर मिळणार नाही. 1948 मध्ये दहा वर्षांची असलेली माणसे आज पंच्याऐंशीच्या पुढे गेली आहेत. नाका कुठे होता, हाली रुपया कसा दिसे, त्या सप्टेंबरात गावात काय झाले, हे सांगू शकणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत. तेव्हा शिक्षकांना आणि पालकांना विनंती, की खेळ पुढच्या वर्षी तयार झाला तरी चालेल. मुलाच्या हातात फोन द्या, त्याला आजोबांशेजारी बसवा आणि त्यांचा आवाज या सुट्टीतच नोंदवून घ्या.