विलायतेतील घर आणि सॉलिसिटर
(वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



आपली काही मुले आज इंग्लंडात कर्ज काढून घरे घेत आहेत. माझ्या पुतण्याने तेथे घर ठरविले आणि ओळखीचा म्हणून एक सॉलिसिटर नेमला. गृहस्थ सज्जन, परंतु कर्ज देणाऱ्या संस्थेच्या मान्य यादीत, म्हणजे तेथील ‘पॅनेल’वर, त्याच्या पेढीचे नावच नव्हते! संस्थेने आपला निराळा सॉलिसिटर नेमला, त्याची फी पुतण्याच्याच माथी आली आणि दोघांच्या पत्रव्यवहारात आठवडे गेले. करारपत्रांची अदलाबदल होईपर्यंत तेथे विकणारा बांधलेला नसतो. तो कंटाळला, घर दुसऱ्यास गेले.

यादीवरील सॉलिसिटर बहुधा घेणारा व संस्था या दोघांचेही काम पाहतो. (१९८५ च्या कायद्याने मान्यता पावलेला ‘लायसन्स्ड कन्व्हेयन्सर’ही चालतो.) मात्र प्रत्येक संस्थेची यादी निराळी, शिवाय बदलती. आपण येथून पैसे धाडले तर ते कोठून आले हे तो विचारणारच. त्यात अपमान मानू नये.

दुसऱ्या खेपेस पुतण्याने फीची चौकशी मागाहून केली. पहिल्या पत्रात संस्थेचे नाव लिहून एवढेच विचारले : “आपली पेढी आज हिच्या यादीवर आहे काय?”