तोंड वाकडे झाले? पहिले तीन दिवस मोलाचे



सकाळी चूळ भरताना पाणी ओठाच्या एका कोपऱ्यातून गळते. आरशात पाहावे, तर तोंड एकीकडे ओढलेले आणि दुसऱ्या बाजूचा डोळा मिटत नाही. नागपुरात असे झाले की घरची मंडळी म्हणतात, ‘रात्रभर कूलरसमोर झोपला, वारं लागलं.’ मग मालिश आणि शेक यांत आठवडा जातो. उपचाराची खरी वेळ नेमकी तीच असते.

चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंना हालचाल घडवणारी एकेक नस असते. ती कानाजवळच्या हाडातील अरुंद बोगद्यातून येते. तिला सूज आली तर हाड पसरत नाही. नस दबते आणि त्या बाजूचे स्नायू ढिले पडतात. स्कॉटिश शल्यविशारद चार्ल्स बेल यांच्या नावावरून याला ‘बेल्स पाल्सी’ म्हणतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये तेव्हाचे राज्यातील मंत्री धनंजय मुंडे यांनी आपल्याला हा आजार झाल्याचे जाहीर केले, तेव्हा हे नाव घरोघरी पोहोचले.

ओठांवर पुळ्या आणणाऱ्या विषाणूमुळे ही सूज येत असावी, असे मानले जाते. मधुमेही आणि शेवटच्या महिन्यांतील गर्भवतींना धोका थोडा अधिक. कानात दुखून फोड आले असतील, तर ती नागीण असू शकते.

पण प्रत्येक वाकडे तोंड म्हणजे बेल्स पाल्सी नव्हे. बेल्समध्ये त्या बाजूच्या कपाळावर आठ्या पडत नाहीत. आठ्या पडतात, पण तोंड वाकडे आहे, हात-पाय लुळा वाटतो किंवा बोलणे अडखळते, तर तो मेंदूचा झटका असू शकतो. मग एक तासही दवडू नका; मेडिकल, मेयो किंवा जवळचे मोठे रुग्णालय गाठा. निदान घरी करू नका.

बेल्स पाल्सीत सूज उतरवणारी स्टिरॉइडची गोळी ७२ तासांच्या आत सुरू झाल्यास लाभ अधिक होतो. ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावी. मधुमेह असल्यास आवर्जून सांगावे. डोळ्याला जपणे तितकेच महत्त्वाचे. तो उघडा राहून कोरडा पडला, तर बुबुळाला जखम होते. दिवसा थेंब आणि चष्मा, रात्री मलम लावून पापणी चिकटपट्टीने मिटवावी.

बहुतेकांचा चेहरा काही आठवड्यांत ते काही महिन्यांत पूर्ववत होतो. तीन महिन्यांत फरक पडला नाही, तर पुन्हा तपासून घ्यावे. घाबरू नका, पण वाटही पाहू नका.